काट्याचं घर

तान्ह्या मुलाचं वजन करताना आधी दुपटं अंथरायचं. उघड्या पत्र्यावर ठेवलं तर मूल दचकतं, हातपाय झाडतं आणि काटा वेड्यासारखा नाचत सुटतो.

०

‘गोळ्या दाबण्याची यंत्रे, मोठ्या पोटाची काचेची भांडी, तापवण्याची आवरणे, वजनाची यंत्रे. परवान्याशिवाय बाळगू नये, विकू नये, उसने देऊ नये.’ कचेरीच्या भिंतीवरचा कागद, एक कोपरा फाटलेला.

०

नेलपॉलिशचा लाल ठिपका. वाळून खड्यासारखा टणक झालेला.

०

“आई, काटा तिकडे का झोपतो?”

“ते त्याचं घर आहे. हात काढ बघू.”

०

लॉन्ड्रीवाल्याने दारात उभं राहून एकच प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी न थांबता तो जिना उतरून गेला.

०

ढब्बू शाळेत गणितात कधी नापास झाला नाही. बाकी सगळ्यात होऊन झाला.

०

आता सरळ सांगायचं तर ही एका सकाळची गोष्ट आहे. दोन वयस्कर बहिणी उपकरण नियंत्रण कचेरीच्या बाकावर बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडावर तिचे दोन्ही हात, जणू आत कोंबडी आहे आणि सोडलं की उडेल.

थोरलीला गल्ली नर्सबाई म्हणायची. उभा जन्म प्रसूतिगृहात गेला. निवृत्त झाल्यावर प्रसूतिगृहाने मोडीत काढलेलं तान्ह्या मुलांचं वजन करायचं यंत्र तिने घरी आणलं आणि खिडकीपाशी टेबलावर ठेवलं. खरं तर ते तिच्या घरी येऊन-जाऊन आधीपासूनच असायचं. गल्लीत कोणी घरी बाळंत झालं की ती ते हातात धरून आणायची आणि दोन-चार दिवस घरीच राहू द्यायची. पांढरा मुलामा, समोर गोल डायल, वर होडीसारखं पसरट भांडं. त्याला घरात होडीच म्हणत. आयांनी यायचं, मूल होडीत द्यायचं, आकडा ऐकायचा, वाढला असेल तर हसायचं, नसेल तर नर्सबाईच्या खांद्यावर थोडं रडून घ्यायचं. मुलं मोठी झाली तरी रस्त्यात भेटली की नर्सबाई त्यांना आधी वरपासून खालपर्यंत जोखायची आणि मग नाव आठवायची.

आता कोणी येत नव्हतं. यंत्र कचेरीच्या गोदामात होतं आणि ढब्बू, तिचा एकुलता एक मुलगा, कुठेच नव्हता.

“नवं घेऊन टाक ना,” धाकटी म्हणाली. तिने हे आजवर इतक्यांदा म्हटलं होतं, की म्हणताना ती दुसरीकडेच बघत होती. “बॅटरीवालं मिळतं. आकडा लाल दिव्यात येतो. चष्मासुद्धा लागत नाही.”

“नको.”

“हट्ट बघा हिचा. त्या पत्र्यात काय जीव अडकलाय तुझा?”

थोरलीपाशी उत्तर होतं. नवं यंत्र कोणीही विकत आणू शकतं. कचेरीने शिक्का मारून परत दिलेलं यंत्र म्हणजे कचेरीने सांगितलेली गोष्ट: याचा काही दोष नाही. ते पुन्हा खिडकीपाशी बसेल. रस्त्यावरून जाणारी एखादी आई ते बघेल, पुढे जाईल, परत फिरेल. यंत्र सुटलं तर त्याच्या आडोशाने थोडीशी आपणही सुटू, एवढंच तिला हवं होतं. पण हे बहिणीला सांगायचं म्हणजे तोंडातून दगड काढून दाखवण्यासारखं होतं.

“आत गेल्यावर तू गप्प बस,” धाकटी म्हणाली. “तू खरं बोलतेस आणि घोटाळा करतेस. मी बोलते.”

“तू खोटं बोलणारेस?”

“मी नीट बोलणार आहे. त्यात फरक असतो.”

०

नर्सबाईच्या घराच्या मागच्या खोलीत काय झालं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

ढब्बूचा कारखाना बंद पडला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. नाव ढब्बू, अंगाने काठी. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव, आणि पुढे त्याने सगळं गमावलं, ते नाव तेवढं टिकलं. कोणा ओळखीच्याने त्याच्याकडे झोपेच्या चोरट्या गोळ्या दाबायचं एक यंत्र सुटं सुटं करून आणून ठेवलं. मागच्या खोलीतून ठक्‌-ठक्‌ आवाज यायचा. “काय करतोस रे?” “खेळण्यांचे भाग, आई. प्लॅस्टिकचे.” नर्सबाईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, आणि जे ऐकू येत होतं त्यातलंही तिने थोडं सोडून दिलं.

मग एक दिवस तो म्हणाला, “वजनाचं यंत्र दोन दिवस मागे नेऊ का?”

ती म्हणाली, “होडी पुसून ठेव.”

एवढंच. परवाना नाही, सही नाही, कशासाठी हे विचारणंही नाही.

त्या खेपेच्या गोळ्या भलत्याच तीव्र निघाल्या. माल तयार झाला की पहिली गोळी स्वतः घेऊन बघायची ढब्बूची पद्धत होती. दुसऱ्याच्या पोराबाळांना काही व्हायला नको, असं तो त्या ओळखीच्याला म्हणाला होता म्हणे. तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. पण तोवर त्या ओळखीच्याने थोड्या गोळ्या घराबाहेर नेल्या होत्या. गल्लीच्या टोकाच्या लॉन्ड्रीवाल्याची मुलगी, परीक्षेच्या ताणाने झोप हरवलेली, त्याच संध्याकाळी त्यातली एक घेऊन आपल्या पलंगावर झोपली ती उठलीच नाही.

वर्तमानपत्रांनी लिहिलं की भाव वाढावा म्हणून मुद्दाम माल कडक केला. ओळखीचा म्हणाला, “याला अक्कल नव्हती.” नर्सबाईने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. पोरगं वाया गेलं होतं, कबूल. पण वजनात तो चुकणार नाही. अक्षरं यायच्या आधी त्याला त्या डायलवरचे आकडे येत होते.

आणि लॉन्ड्रीवाला, सगळं आटोपल्यावर, दारात येऊन तिला विचारून गेला होता, “एवढं कसं पडलं त्यात?”

त्यात रागही नव्हता. कपड्यावरचा डाग कशाचा आहे, ते विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

०

आतली मॅडम तरुण होती आणि तिला सर्दी झाली होती. टेबलावर रुमालांचा ढीग.

“बसा मावशी. दोघी बसा. माझ्यापासून लांब बसा, लागेल तुम्हाला.”

“आम्हाला आता काय लागायचं राहिलंय,” धाकटी म्हणाली आणि पुढच्याच खुर्चीवर बसली.

मॅडमने समजावून सांगितलं. कायद्याप्रमाणे असल्या धंद्यात वापरलेलं प्रत्येक उपकरण मोडायचं. मोडायचं म्हणजे पुन्हा कोणालाही जोडता येणार नाही असं मोडायचं. परत द्यायला फक्त तीन कारणं चालतात. वस्तू मागणाऱ्याची असून त्याच्या नकळत नेली असेल तर. ती मुख्यतः सरळ कामाला वापरात असेल तर. किंवा मुळात ती त्या कामाला निरुपयोगी असेल तर.

“पहिलं कारण बसत नाही. तुम्ही स्वतः दिलंत.”

“पोटच्या पोराला दिलं,” धाकटी म्हणाली. “ते काय उसनं देणं झालं? उद्या आईने पोराला ताट दिलं तर ताटाचा परवाना काढायचा का?”

“ताट यादीत नाहीये, मावशी.”

“येईल हो. दम धरा.”

मॅडम हसली, हसताना खोकली. “दुसरं कारण. गल्लीतल्या आयांनी लिहून दिलंय, बावीस सह्या आहेत. पण यंत्र सापडलं ते मागच्या खोलीत, गोळ्यांच्या यंत्राशेजारी, होडीत पूड. वरचे लोक म्हणतात की शेवटचा वापर धरायचा.”

सह्या बायकांनी दिल्या होत्या. सोबत मात्र एकही आली नव्हती. नर्सबाईने पिशवीवरचे हात घट्ट केले.

“मग राहिलं तिसरं,” मॅडम म्हणाली, आणि तिने दाराकडे बघून हाक मारली.

गोदामाचा माणूस ढकलगाडी घेऊन आला. कमरेला एवढ्या किल्ल्या होत्या की तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा; कचेरीत त्याला कुलूप म्हणत. त्याने यंत्र टेबलावर ठेवलं, अलगद, मूल ठेवावं तसं. डाव्या बाजूचा मुलामा उडालेला तसाच होता. होडी धुतलेली होती. डायलच्या मागच्या बारीक चक्रीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

 

“आता बघू या,” मॅडम म्हणाली आणि चष्मा नाकावर सरकवून वाकली. “हं. काटा मुळात शून्यावरच नाहीये.”

नव्हताच. शून्याच्या थोडा डावीकडे तो निवांत पडून होता, नेहमीसारखा.

मॅडमने कपाटातून एक किलोचं चकचकीत प्रमाण वजन काढून होडीत ठेवलं. काटा उठला, धावला, थांबला, आणि एक किलोच्या अलीकडेच राहिला. तिने वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तितकाच कमी. दोन किलोचं ठेवलं. तितकाच कमी.

“कमी दाखवतंय. प्रत्येक वेळी.” मॅडमचा चेहरा उजळला. तिलाही ही फाइल मोडण्याच्या लालऐवजी परतीच्या हिरव्या दोरीने बांधायची होती, हे तेव्हा दोघी बहिणींना कळलं. “यंत्र बिघडलेलं आहे. यावर धड काही मोजताच येणार नाही. म्हणजे उत्पादनाला निरुपयोगी. तिसरं कारण, अगदी चपखल. मावशी, घेऊन जा तुमचं यंत्र.”

धाकटीने थोरलीच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठावा. “मी म्हटलं नव्हतं? कुलूपदादा, एक रिक्षा बघता का?”

मॅडम लिहायला लागली. तिच्या पेनाचा आवाज येत होता.

नर्सबाई काट्याकडे बघत होती.

०

बिघडलेलं?

प्रसूतिगृहाच्या कामाला एक सवय असते, आणि सवय अशी चीज असते की ती आपल्याला दिसतच नाही. दुपटं अंथरायचं, मग मागची चक्री फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग मूल ठेवायचं, म्हणजे दुपट्याचं वजन मुलाच्या नावावर लागत नाही. पण दर मुलाला चक्री कोण फिरवणार? उघडं मूल थंडीत काकडतं, आई घाबरते. तेव्हा नर्सबाईने सगळी दुपटी एकाच कापडाची, एकाच मापाची शिवून घेतली, चक्री एकदाच लावली आणि ती हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब टाकला. तेव्हापासून होडी रिकामी असली की काटा शून्याखाली जायचा. दुपटं पडलं की शून्यावर यायचा. इतकी वर्षं एकाही मुलाचा आकडा चुकला नव्हता.

ढब्बू त्या डायलखाली रांगला होता. स्टुलावर उभा राहून तो रिकाम्या होडीकडे बघायचा आणि एकदा त्याने विचारलं होतं, काटा तिकडे का झोपतो. कोणाला तरी वेणा सुरू झाल्या होत्या, तिला निघायचं होतं. ती म्हणाली होती, ते त्याचं घर आहे.

मुलाने ऐकलं. आईने सांगितलेलं मुलं ऐकतात, नको तेव्हा सुद्धा.

मागच्या खोलीत त्याने होडी पुसली असणार. काटा आपल्या घरी आहे, हे बघितलं असणार. आणि मग ठरलेल्या आकड्यापर्यंत काटा येईतो पूड ओतत गेला असणार, हात थरथरू न देता, श्वास धरून, जसा तो सगळं मोजायचा. दर मापाला एका दुपट्याएवढी जास्त.

एवढं कसं पडलं त्यात.

०

“मॅडम, लिहू नका.”

पेन थांबलं. धाकटीने डोळे मिटले.

“ते बिघडलेलं नाही,” नर्सबाई म्हणाली. तिने पिशवी उघडली. यंत्र परत मिळालं की घरी नेताना होडी गुंडाळायला तिने धुतलेलं दुपटं आणलं होतं. तिने ते चौपदरी केलं आणि होडीत अंथरलं, कडा सारख्या केल्या, तळहाताने एकदा दाबलं. काटा हलला आणि शून्यावर येऊन बसला. सुईच्या टोकाइतकाही इकडेतिकडे नाही. “आता ठेवा तुमचं वजन.”

मॅडमने ठेवलं. बरोबर एक किलो.

  मॅडम आधी डायलकडे बघत होती, मग दुपट्याकडे, मग हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं आणि तिने चष्मा काढला.

“मावशी,” ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “मी आत्ता शिंकत होते. मी काही बघितलं नाही.”

“बघितलंत.”

“तुम्ही गप्प राहिला असतात तर यंत्र मिळालं असतं. अजूनही मिळेल.”

“ताई, उठ,” धाकटीचा आवाज फाटला. “उठ म्हणते ना. घे ते आणि चल. कोणाला कळतंय? तो गेला, ती पोर गेली. खरं बोलून एक तरी परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

नर्सबाईने काट्याकडे बोट दाखवलं. “हे बिघडलेलं म्हणून घरी नेलं तर त्या सगळ्या मुलांचे आकडे खोटे झाले. आणि ढब्बू मूर्ख ठरला. तो मूर्ख नव्हता गं. त्याने बरोबर मोजलं. मी शिकवलं तसंच मोजलं.”

धाकटीने पदराने तोंड झाकलं. 

मॅडमने लिहिलेली ओळ खोडली. खोडताना तिने इतका वेळ घेतला की कागद फाटेल असं वाटलं.

०

मोडायचं काम त्याच दिवशी दुपारी मागच्या आवारात होतं. मालकाला हवं तर उभं राहता येतं. काचेची मोठी भांडी एका पिंपात फुटत होती. पलीकडे पत्रे चेपायचा अवजड दाबा होता.

“मावशी, आत बसा ना,” कुलूप म्हणाला. “आवाज वाईट येतो.”

“मला कमी ऐकू येतं.”

त्याने यंत्र दाब्याखाली ठेवलं. “थांबा जरा,” ती म्हणाली. पुढे होऊन तिने नखाने चक्रीवरचा लाल ठिपका खरवडला. तो निघता निघेना. कुलूपने एक किल्ली काढून दिली. ठिपका टचकन उडाला. मग तिने चक्री फिरवली, जराशी, आणि रिकाम्या होडीचा काटा शून्यावर आणला.

“आता कशाला?” धाकटीने विचारलं, पण हळू, लहान मुलाला विचारावं तसं.

“त्याचं घर तिथे आहे.”

ती मागे सरली. कुलूपने आपल्या डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि दांडा ओढला. आधी होडी वाकली, मग डायलची काच गेली. आवाज खरंच वाईट होता. तो तिला नीट ऐकू आला.

०

लॉन्ड्रीत वाफ होती. लॉन्ड्रीवाला पांढऱ्या शर्टाची बाही दाबत होता. दारात नर्सबाई दिसली तसा त्याचा हात एकदा थबकला आणि पुन्हा चालू झाला. धाकटी रस्त्यापलीकडे थांबली होती.

नर्सबाईच्या हातात दुपटं होतं. त्याने ते पाहिलं.

“धुवायचंय?”

“नाही. तुम्ही मला विचारलं होतंत. एवढं कसं पडलं.”

त्याने इस्त्री उचलली, कापडापासून वर धरली. आणि तिने सांगितलं. चक्री, दुपटं, स्टुलावर उभं राहिलेलं पोर, आपण घाईत काय बोललो ते. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. सांगून झाल्यावर आपल्याला शिव्या ऐकायच्या आहेत, असं तिला वाटत होतं, आणि ती त्यांच्यासाठी तयार उभी होती.

लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री तिच्या लोखंडी तिवईवर ठेवली.

“एक दुपटं?” तो म्हणाला.

“एक दुपटं.”

त्याने हात पुढे केला. तिने ते दिलं. आयुष्यभर कपडे हाताळलेल्या माणसाने ते तळहातावर घेतलं, दोनदा हळूच वरखाली केलं, आणि तसाच उभा राहिला. बाहेर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. भट्टीतल्या पाण्याला उकळी फुटत होती. मग त्याने दुपटं टेबलावर पसरलं, चुण्यांवरून हात फिरवला, घडी घातली, आणि तिला परत देण्याऐवजी आपल्यापुढेच ठेवून घेतलं.

“जा बाई आता,” तो म्हणाला. “बसवत असेल तर घटकाभर बसा आणि जा.”

ती बसली.

ढब्बू जन्मला तेव्हा तीन किलो नऊशे भरला होता, दुपटं वजा करून.